३३६ व्होल्टचा पॅक आणि कागदावरचे ४८

सप्टेंबर २०२४. बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत आमच्या वर्कशॉपला एक इलेक्ट्रिक कार टोइंगवर आली. तिच्यामागून टेम्पोत तिचा बॅटरी पॅक आला, लाकडी पॅलेटवर, वरून प्लास्टिक टाकलेलं. सोबत आधीच्या गॅरेजचा हाताने लिहिलेला कागद होता: ‘बॅटरी व्होल्टेज ४८. पुराच्या पाण्याने पॅक डेड. नवा बसवावा लागेल.’

गाडीचे मालक निवृत्त प्राध्यापक. ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अर्ध्या चाकापर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर गाडी चालत होती, पण मधूनच इन्सुलेशनचा, म्हणजे पॅकची वीज बॉडीकडे गळत असल्याचा, इशारा लागायचा. गॅरेजने पॅक उतरवला, झाकण उघडलं, मीटर लावला आणि निकाल दिला. नव्या पॅकचा आकडा ऐकून सरांनी गाडी विकायचं मनावर घेतलं होतं. त्यांच्या मुलाने थांबवलं, म्हणून ती आमच्याकडे आली.

कागदावरचा आकडा खोटा नव्हता. त्या मीटरने ४८ दाखवलेच असणार, आणि तसे का दाखवले तेच या प्रकरणात सांगण्यासारखं आहे.

पॅकमध्ये ९६ सेल एकापुढे एक जोडलेले होते. चार्ज कमी असताना सेल साडेतीन व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे पॅक ३३६ व्होल्टच्या जवळ हवा. मरायला टेकलेला पॅकसुद्धा सगळे सेल सारखे खाली जाऊन बरोबर ४८ वर येऊन थांबेल, हे पटणारं नव्हतं. पण ज्या गॅरेजमध्ये दिवसभर ई-रिक्षा येतात, तिथे ४८ हा घरातला आकडा आहे. चार बॅटऱ्या, बारा-बारा व्होल्ट. ओळखीचा आकडा दिसला की माणूस पुढे विचारत नाही.

आमच्याकडे एक काका आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला त्यांची उमर गेली. बडोदा म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं गाव, एर्डासारखी विजेच्या चाचण्यांची संस्था १९७४ पासून इथे आहे. त्यामुळे ६६ केव्हीच्या गोष्टी चहाच्या टपरीवर सांगणारी माणसं इथे भेटतात. काकांनी कागद वाचला आणि म्हणाले, “४८ म्हणजे ६० च्या खाली. तुमच्या त्या नियमाप्रमाणे हाय व्होल्टेजच नाही हे. मग एवढे हातमोजे कशाला काढतोस?”

नियम त्यांनी बरोबर सांगितला. इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षेची भारतीय मानकं आहेत: चारचाकीसाठी एआयएस-०३८, दुचाकी-तिचाकीसाठी एआयएस-१५६. त्यांत डीसी ६० व्होल्टच्या वर आणि एसी ३० व्होल्टच्या वर गेलं की हाय व्होल्टेज धरतात. प्रश्न एवढाच होता की ते ४८ कुठून कुठे मोजले. कागदावर ते नव्हतं.

मोजायच्या आधी

हातमोजे क्लास झिरोचे, एसीला १००० आणि डीसीला १५०० व्होल्टपर्यंत चालणारे. मनगटाकडून गुंडाळत गेलं की आत हवा कोंडते आणि बोटं फुगतात. मग मोजा गालाजवळ धरायचा. त्या दिवशी डाव्या मोज्यात अंगठ्याच्या बेचक्यातून बारीक फुंकर लागली. भोक डोळ्यांना दिसतही नव्हतं. ती जोडी कापून टाकली, कारण नुसती बाजूला ठेवलेली जोडी आठवड्याभरात परत कुणाच्या तरी हातात दिसते. नवी जोडी घातली, वर चामड्याचे मोजे चढवले.

काकांनी स्वतःचा मीटर काढला. वीस वर्षांचा, प्रेमाने जपलेला. मी त्याचं मागचं झाकण उघडून दाखवलं. आत काचेचा फ्यूज, त्यावर २५० व्होल्ट छापलेले. प्रोबची वायर चुकून १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि टोकं पॅकला लागली, तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट. अशा वेळी हा फ्यूज वितळेल, पण प्रवाह तोडू शकणार नाही. पन्नास हर्ट्झचा एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे तिथे आर्क, म्हणजे तुटलेल्या जागेतून जळत राहणारी वीज, विझायला संधी मिळते. डीसीला शून्यच नाही, आर्क पेटला की पेटलेला राहतो, आणि तो हातातल्या मीटरच्या आत असतो. आमचा मीटर कॅट थ्री या सुरक्षा-वर्गातला, १००० व्होल्टचा, फ्यूज वाळू भरलेले आणि १००० व्होल्ट डीसीचे. प्रोबला टोप्या होत्या, टोकाला फक्त ४ मिलिमीटर धातू उघडा.

काकांच्या खिशातला निऑन टेस्टर आणि आमच्या डिप्लोमावाल्या पोराचा बीप करणारा पेन, दोन्ही टेबलावर ठेवायला लावले. बीपवाला पेन एसीचं क्षेत्र हुंगतो, डीसीपुढे तो गप्प बसतो. निऑन पेटायला माणसाच्या अंगातून जमिनीकडे वाट लागते, आणि या पॅकला जमिनीशी देणंघेणं नाही. मीटर एसीच्या खुणेवर राहिला तरी हीच गत: तिनशे व्होल्ट समोर असताना आकडा शून्याच्या आसपास. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. आधी प्रूव्हिंग युनिटवर, म्हणजे माहितीचा दाब देणाऱ्या छोट्या डबीवर, मीटर लावून तो डीसी व्होल्ट नीट दाखवतो हे पाहायचं, मग काम मोजायचं, मग परत युनिटवर. शेवटची पायरी लोक गाळतात. मीटरची वायर मधल्या वेळात तुटली असेल तर ते फक्त तिथेच कळतं.

मग काकांनी डिस्चार्ज रॉड आणला, म्हणजे जमिनीशी तारेने जोडलेला दांडा. “आधी अर्थ करून घे, मग हात लाव.”

हे मात्र हट्टाने थांबवावं लागलं. लाइनवर त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं: बंद करा, तपासा, अर्थ करा, मग हात लावा. लाइनला मागून पुरवठा तोडता येतो. बॅटरीचा पुरवठा तिच्या पोटातच आहे, तो तोडणार कुठून? पॅकचं पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह यांपैकी काहीच गाडीच्या बॉडीला जोडलेलं नसतं. जुन्या बारा व्होल्टच्या गाडीत निगेटिव्ह म्हणजे बॉडी, इथे दोन्ही टोकं तरंगती. एक टोक रॉडने अर्थ केलं तर काहीच होणार नाही, ठिणगीसुद्धा नाही, आणि माणसाला वाटेल झालं काम. प्रत्यक्षात आपण एका टोकाला बॉडी बांधून ठेवली. आता दुसऱ्या टोकाला पान्हा लागून बॉडीला टेकला की हजारो अँपिअरचा शॉर्ट. दोन्ही टोकं तरंगती ठेवतात ती याचसाठी, की पहिल्या चुकीला गाडीने माफ करावं. रॉडने ती माफी आपणच खर्च केली असती.

काका काही बोलले नाहीत. रॉड परत नेऊन ठेवला.

अर्धा-अर्धा पॅक

सर्व्हिस प्लग आधीच काढलेला होता. हा प्लग पॅकच्या मधोमध असतो. तो काढला की सेलची माळ मध्ये तुटते, पण दोन्ही अर्धे आपापल्या जागी जिवंतच राहतात. प्लग काढला म्हणजे पॅक मेला, हा समज मी चांगल्या शिकलेल्या लोकांतही पाहिला आहे.

तुटलेल्या माळेचा फायदाही आहे. पूर्ण ३३६ व्होल्ट एका जागी समोर न आणता पॅक तपासता येतो. पॉझिटिव्ह टोकापासून प्लगच्या त्या बाजूच्या खाचेपर्यंत मोजलं: १६८. निगेटिव्ह बाजूने तसंच: १६८. बेरीज ३३६. पॅक ठणठणीत होता. झाकणाच्या आत पाण्याचा थेंब नव्हता, गाळाची रेघही नव्हती. असे पॅक बहुधा आयपी-६७ चे असतात, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. अर्ध्या चाकाचं पाणी त्यापुढे काहीच नाही.

“मग ४८ आले कुठून?” पोराने विचारलं. खरं काम इथून सुरू झालं.

आम्ही तेच मोजमाप पुन्हा केलं, फक्त हात लांब ठेवून. प्लग बाहेर असतानाच मीटरची एक क्लिप पॉझिटिव्ह टोकाला आणि दुसरी पॅकच्या ॲल्युमिनियमच्या पेटीला लावली. मग प्लग बसवला, दोन पावलं मागे आलो, आकडा वाचला: ४८. प्लग काढला, क्लिप निगेटिव्हला लावली, प्लग बसवला. आकडा पुन्हा ४८ च, फक्त उणे.

काका पुढे आले. “दोन्ही बाजूंना ४८, म्हणजे ९६. उरलेले २४० कुठे गेले?”

हाच प्रश्न गॅरेजमध्ये कुणी विचारला असता तर पॅक तिथेच वाचला असता.

पेटी आणि पॅक यांच्यात तार नाही, फक्त इन्सुलेशन आहे. पण इन्सुलेशन म्हणजे अनंत रोध नव्हे, काही मेगओहम रोध पॉझिटिव्हपासून पेटीपर्यंत आणि तसाच निगेटिव्हपासून पेटीपर्यंत असतो. मीटर लावला की मीटरचे स्वतःचे १० मेगओहम त्यांतल्या एका रोधाला समांतर बसतात. घरच्या सर्किटमध्ये १० मेगओहम म्हणजे काहीच नाही. इथे ज्याच्याशी तुलना आहे तो रोधच मेगओहममध्ये, त्यामुळे मीटर पाहुणा राहत नाही, वाटेकरी होतो. दोन्ही बाजू सारख्या असतील तर हिशोब सोपा: मीटरचा रोध भागिले, एका बाजूचं इन्सुलेशन अधिक मीटरच्या रोधाची दुप्पट. इन्सुलेशन ५० मेगओहम धरलं तर १० भागिले ७०, म्हणजे एक सप्तमांश. ३३६ चा सातवा हिस्सा ४८.

आता हेच उलट करून पाहा. इन्सुलेशन ५०० मेगओहम असतं तर मीटरने साडेसहा व्होल्टच दाखवले असते. जितका पॅक निरोगी, तितका पेटीशी मोजलेला आकडा लहान. कोरा करकरीत, पूर्ण चार्ज पॅक बॉडीशी मोजला तर जवळजवळ शून्य दिसेल, आणि त्याच वेळी दोन टोकांमध्ये जीव घेणारा दाब पुरा असेल. म्हणून ‘६० च्या खाली’ ही ओळ टोकापासून टोकापर्यंतच्या मोजमापाशिवाय वापरायचीच नाही. काकांना हे पटलं, पण त्यांनी लगेच दुसरी बाजू काढली: “म्हणजे निगेटिव्हचा आकडा शून्याजवळ आणि पॉझिटिव्हचा तिनशेवर आला, तर निगेटिव्ह बॉडीला चिकटलं?” बरोबर. एका बाजूचं इन्सुलेशन १५० किलोओहमवर घसरलं आणि दुसरी बाजू २ मेगओहमवर राहिली तर साधारण २३ आणि ३०८ दिसतील. बारा व्होल्टच्या सवयीचा माणूस २३ पाहून म्हणेल, निगेटिव्ह बॉडीलाच असतं, ठीक आहे. तो दोष असतो.

मीटरची लुडबुड हिशोबातून काढायची एक सुंदर रीत आहे, आणि गाड्यांच्या मानकांतही तीच दिली आहे. आधी दोन टोकांमधला दाब मोजायचा. मग दोन्ही टोकं बॉडीशी मोजायची. ज्या बाजूचा आकडा मोठा, त्या टोकापासून बॉडीपर्यंत एक माहितीचा रोध जोडायचा आणि तोच आकडा पुन्हा वाचायचा. नव्या आकड्याचा व्यस्त (एक भागिले तो आकडा) वजा जुन्याचा व्यस्त, गुणिले पॅकचा दाब, गुणिले जोडलेला रोध: हे झालं समोरच्या बाजूचं इन्सुलेशन. मीटरचे १० मेगओहम दोन्ही वाचनांत सारखेच असतात, वजाबाकीत ते आपोआप उडतात.

आम्ही ४७ किलोओहमचे चार रोध एकापुढे एक जोडून १८८ किलोओहम केले. एकच मोठा का नाही? प्रत्येक रोधाला सोसवणाऱ्या व्होल्टची मर्यादा असते. एकावर ३३६ टाकण्यापेक्षा चौघांत वाटलेले बरे. दोष निघाला तरी चौघांत मिळून ०.६ वॉटच जळणार. जोडणी प्लग बाहेर असतानाच केली, वर इन्सुलेशनची नळी चढवली. प्लग बसवल्यावर ४८ चा आकडा खाली येऊन १.२३ वर थांबला. हिशोब ५० मेगओहमचा आला. दर व्होल्टला दीड लाख ओहमच्या जवळ.

मानक मागतं किती? नुसत्या डीसी बाजूला दर व्होल्टला १०० ओहम, एसी बाजू जोडलेली असेल तर ५००. हे आकडे पाठ करण्यापेक्षा उलटे वाचावेत. ५०० ओहम प्रति व्होल्ट म्हणजे माणसातून जास्तीत जास्त २ मिलिअँपिअर, १०० म्हणजे १०. एसी शरीराला जास्त जाचतो, म्हणून तिथे अट कडक. पॅकवर मेगर, म्हणजे स्वतःचा मोठा दाब टाकून इन्सुलेशन मोजणारं यंत्र, मात्र लावला नाही. जिवंत स्रोतावर ५०० व्होल्टचा मेगर लावणं म्हणजे मीटर आणि पॅकमधली इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही पणाला लावणं.

दोष दुसरीकडेच

पॅक निर्दोष सुटला, पण इशारा तर खरा होता. स्कॅनरवर जुन्या नोंदी काढल्या. प्रत्येक नोंदीत इन्सुलेशन कमी, आणि प्रत्येक वेळी एसी, म्हणजे गाडीचा एअर कंडिशनर, चालू. नोंदीत तारीख नव्हती, किलोमीटर होते. सर चार्जिंगची वही ठेवतात, त्यात रीडिंग लिहितात. ताडून पाहिलं तर पहिली नोंद जूनमधली निघाली. पूर आला ऑगस्टच्या शेवटी.

“सर, जूनच्या आधी एसीचं काही काम केलं होतं का?”

“मे महिन्यात गॅस भरला होता. त्या उन्हात एसीशिवाय बाहेर पडवत नव्हतं हो.”

गाडीला पॅक नव्हता, तरी कंप्रेसरचा नारिंगी प्लग काढण्यापूर्वी आणि काढल्यावर तीच रीत: युनिट, काम, युनिट. शून्य, आणि का शून्य तेही माहीत. कंप्रेसरच्या दोन्ही पिना एकत्र बांधून बॉडीशी ५०० व्होल्टचा मेगर लावला. निरोगी कंप्रेसर कित्येक मेगओहम दाखवतो. याने ८० किलोओहम दाखवले, आणि ३३६ व्होल्टला ५०० च्या हिशोबाने किमान १६८ किलोओहम लागतात.

इलेक्ट्रिक कंप्रेसरची मोटर एसीच्या गॅस-तेलातच बुडालेली असते. तिला पीओई जातीचं तेल लागतं, ते वीज वाहत नाही. पट्ट्यावर फिरणाऱ्या साध्या कंप्रेसरला चालणारं पॅग तेल ओलावा धरतं आणि वीज वाहू देतं. ते थोडंसं मिसळलं तरी गुंडाळीचं इन्सुलेशन कोसळतं. गॅस भरायच्या मशीनच्या नळीत आधीच्या गाडीचं राहिलेलं तेलही पुरतं. इथे तर डबाच एक होता. एसीवाल्याने तो प्रामाणिकपणे दाखवला, सगळ्या गाड्यांना तोच.

एसी बंद असताना हा दोष का दिसत नव्हता, हे पोराने स्वतः सांगितलं. कंप्रेसरच्या आत इन्व्हर्टर आहे. त्याचे स्विच बंद असले की गुंडाळी पॅकपासून तुटलेली राहते. एसी लावला, स्विच चालू झाले, की गुंडाळीची गळती थेट पॅकच्या खात्यावर चढते. पॅक जोडलेला ठेवून, एसी बंद असताना उभ्या गाडीवर हाताने कितीही मोजलं असतं तरी ती सापडली नसती, आणि एसी चालवून प्रोब घेऊन आत वाकायचं कारणही नाही. ते काम गाडीतल्या, इन्सुलेशनवर लक्ष ठेवणाऱ्या मॉनिटरचं आहे, स्कॅनरवर त्याचाच आकडा वाचायचा.

कंप्रेसर बदलला, एसीची पूर्ण वाट धुऊन घेतली, योग्य तेल भरलं. पॅक बसवल्यावर एसी बंद आणि चालू, दोन्हीकडे मॉनिटरचा आकडा मेगओहममध्ये राहिला. काकांनी जॉबकार्डावर व्होल्टेजच्या रकान्यापुढे पेनाने आणखी दोन रकाने आखले: ‘कुठून’ आणि ‘कुठे’. छापखान्यात आता तेच कार्ड गेलं आहे.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो झाकणाने. आधीच्या गॅरेजने सील पात्याने कापून पॅक उघडला होता, त्यामुळे आयपी-६७ चा भरवसा उरला नव्हता. जुना चिकट थर खरवडायचा, कडा पुसायच्या, नवं गॅस्केट मागवायचं, मग हवा भरून दाब धरतो का पाहायचं. पहिल्यांदा एका कोपऱ्यातून साबणाचे बुडबुडे आले, पुन्हा उघडावं लागलं. सरांच्या बिलात कंप्रेसरच्या खालोखाल मोठी ओळ या झाकणाचीच आहे.